शुद्धलेखन

खारकर आळीच्या कोपऱ्यावर आजीचा फ्लेक्स लागलाय.
फोटो निवृत्तीच्या दिवसाचा. चष्म्यावरून ती बघते आहे
थेट समोरच्या औषधांच्या दुकानाकडे,
जिथल्या पाटीवरचा 'ष'
तिने मालकाला दोनदा बदलायला लावला होता.
खाली ठळक अक्षरांत :
'कै. कुमुदीनी गुप्तेबाई यांना भावपुर्ण श्रध्दांजलि'
आणि त्याखाली, तिच्याहून मोठे,
माजी विद्यार्थ्यांचे अकरा चेहरे.

एका ओळीत तीन चुका.
निदान मला तीन दिसल्या.

आठवायला गेलं तर ती बसलेली आठवतच नाही.
पहाटे कळव्याच्या पुलापर्यंत चालत,
खाडीला भरती की ओहोटी एवढं बघून परत.
सातच्या ठोक्याला शाळेत, छत्तीस वर्षं.
चव्वेचाळिसाव्या वर्षी सेंट्रल मैदानावर सायकल शिकली,
आपटली, गुडघ्याला हळद लावून वर्गात गेली
आणि फळ्यावर लिहिलं :
'मी पडले. क्रियापद ओळखा.'

मग निवृत्त झाली म्हणतात. कागदोपत्री.
चेंदणीच्या कोळणींना दुपारी ओट्यावर बसवून
आधी बसच्या पाट्या शिकवल्या, मग पासबुक,
मग म्हणाली, आता नवऱ्याची सही ओळखा.
इस्त्रीवाल्या रामदुलारला बाराखडी
आमच्याच कपड्यांच्या हिशेबाच्या वहीत :
'साडी'तली डी दीर्घ, 'रुमाल'मधला रु ऱ्हस्व.
मला वाल सोलता सोलता पावकी, निमकी, औटकी.
चुकले की ताटातल्या बिरड्यातून
मोजून एक वाल कमी.

माया होती का? होती असावी.
पुण्याच्या वसतिगृहातून मी लिहिलं होतं,
'आजी, करमत नाही. तुझी खुप आठवण येते.'
पत्र परत आलं. 'खुप'भोवती लाल गोल.
तळाशी : दहापैकी सात. शनिवारी ये.
सोडे भिजत घालते.

शेवटी हॉस्पिटलात नावं गळाली एकेक.
मला आईच्या नावाने हाक मारली, मग कुणाच्याच नाही.
पण दारावरच्या 'चपला बाहेर काढावे'कडे बोट दाखवून
नर्सला म्हणाली, 'काढाव्यात. स्त्रीलिंगी, अनेकवचन.'
नर्सने खरंच पेनाने सुधारलं.
त्यानंतर तिला झोप लागली.

दहाव्याच्या रात्री मी स्टूल आणि लाल मार्कर घेतला.
आईला सांगितलं, दूध आणते.

कोपऱ्यावर पोचले तर आधीच कुणी येऊन गेलेलं.
'दी'वर काट, वर 'दि'.
'पु'ची शेपटी लांबवलेली.
आणि द, त्याच्या पोटाशी ध,
ती वर्गात सांगायची तसाच :
'द आधी, ध नंतर. धाकटं थोरल्याच्या कडेवर.'

बाजूला, तिच्या शिक्षेप्रमाणे,
तोच शब्द पाच वेळा.
पाच नाही, चार. चार निरनिराळी अक्षरं :
एक थरथरतं, एक डॉक्टरी,
एक मराठीची सवय सुटलेलं.
चौथ्याने 'श्रद्धांज'पाशीच सोडून दिलेलं.
शाई संपली असावी, किंवा खात्री.

मी स्टुलावर चढले. टोपण काढलं आणि हात अडला.
पहिली वेलांटी की दुसरी?
वरच्या तिघांत एकाची पहिली, दोघांची दुसरी.
माझ्याकडे पदव्या दोन,
त्यांतली एकही त्या वेळी मदतीला आली नाही.
सवयीने विचारायला मागे वळले.

रामदुलार निखारे विझवत होता.
मान वर न करता म्हणाला,
'दुसरी, ताई. शेवटची नेहमी दीर्घ.'