अर्धा नंबर मोठा

बुटांच्या दुकानात मी संध्याकाळीच जाते.
सकाळचा पाय खोटं बोलतो.
दिवसभर वॉर्डात उभा राहिलेला पाय
साडेसहाला आपला खरा नंबर सांगतो.

आग्रा रोडवरची चैत्रातली धग
पंखा नुसती इकडून तिकडे करतोय.
हेमराज खोकी उघडतो,
पातळ कागद बाजूला सारतो,
"हा घ्या सिस्टर, ढगावर चालल्यासारखं वाटेल."

घातला. वाटलं खरं.
पण हेमराज, मला धुळ्याहून शिरपूरला जायचंय,
पंचावन्न किलोमीटर, सगळं डांबर,
रात्री दोनला निघून
सोनगीरची तांब्यापितळेची दुकानं झोपेत असताना,
नरडाण्याला ऊन धरायच्या आत,
आणि सावळद्याच्या पुलावर तापी दिसेल तेव्हा
पायाखाली काहीतरी शिल्लक पाहिजे.

मी अंगठ्यानं त्याचा तळ दाबला.
बावीस वर्षं हेच करतेय,
घोट्याच्या वर, नडगीच्या कडेला,
सुजलेले पाय दाबायचे
आणि मनात मोजायचं
खळगा भरायला किती वेळ लागतो.
एक, दोन, तीन, चार, पाच.
ढग तसाच दबलेला.
"याला लघवीची गोळी सुरू करा," मी म्हटलं.
हेमराजला कळलं नाही.
गल्ल्यावरचे मुर्तझाभाई हसले,
त्यांची बायपास झालीय.

दुसरा पाटासारखा.
तिसरा टाचेत इतका उंच
की पोटऱ्या आत्ताच तक्रार करायला लागल्या.
चौथा हलका, देखणा,
पण बोटं एकमेकांच्या अंगावर,
जत्रेच्या जीपमध्ये बसल्यासारखी.
डाव्या अंगठ्याचं नख गेल्या मार्चात काळं पडून गेलं,
लळिंगच्या उतारावर.
अजून अर्धंच आलंय.
ते पाचव्याची वाट बघत होतं.

ओपीडीतला उखर्डूभाऊ विचारतो,
"इतलं पयीसन काय भेटस वो सिस्टर?"
केळं भेटस, भाऊ.
मीठ लायेल.

पाचवा घालून मी दुकानात सहा फेऱ्या मारल्या.
"फरशीवर काय समजणार," मुर्तझाभाई म्हणाले,
"पाचकंदीलापर्यंत पळून या. पैसे नंतर."
मी गणवेशातच होते,
पदरासारखं काही नाही खोचायला,
बिल्ला, खिशात कात्री, पेन.
निघाले.

काकड्यावाल्यानं हातगाडी मागे ओढली.
रिक्षा थांबली.
"सरका रे, सिस्टर पयी ऱ्हायनी!"
कुणीतरी ओरडलं आणि रस्ता उघडत गेला,
एक म्हातारी हात जोडून उभी,
एक पोरगा सायकल टाकून माझ्याबरोबर धावत,
"कुठे झालंय? कुणाला लागलंय?"
काय सांगणार होते मी?
कुणालाच नाही रे.
इतकी वर्षं धावले ती कुणाला तरी लागलं म्हणून,
आज नुसतं बघतेय
टाच पडते तेव्हा आवाज कसा येतो,
कडेला रस्ता उतरतो तिथे घोटा कलतो का.

कलला नाही.
पोरगा मात्र हिरमुसून सायकल उचलायला गेला.

परत येऊन पुन्हा अंगठा.
एक, दोन.
भरला.
अकरा हजार चारशे.
घरी सांगताना त्यातला पुढचा एक
मी दत्तमंदिर चौकातच सोडून देणार.

"नंबर बरोबर बसलाय," हेमराज म्हणाला.
म्हणूनच अर्धा मोठा दे.
बोटांच्या पुढे ही जी जागा रिकामी आहे,
अंगठ्याच्या रुंदीएवढी,
तिथे आत्ता कुणी नाही.
सातव्या तासाला, टोलनाका मागे पडल्यावर,
माझाच पाय तिथे राहायला येईल.

त्यानं जुना जोड नव्या खोक्यात घातला
आणि वर दोरी बांधली.