तरी

चार वाजून बावीस मिनिटांनी लाइट गेली
आणि अक्कलकोट रोडवरचे आमचे बत्तीस माग
एका दमात गप्प झाले.
पंख्याचं पातं थांबताना कुरकुरलं, तेही ऐकू आलं.
काळ्या स्क्रीनमध्ये मीच,
भुवईला चिकटलेला कापसाचा तंतू.

बोनसची यादी होती. दोनशे चौदा नावं.
हजेरी, उचल, कपात, हातात किती.
डबा खाऊन बसले ती मान वर केली नव्हती,
फाइलला नावसुद्धा ठेवलं नव्हतं अजून.
बारशाआधीच गेली, म्हणाली रेणुका,
आणि लगेच जीभ चावली.

युपीएस?
तो मार्चपासून कोपऱ्यात
टॉवेलचे गठ्ठे पेलतोय.

मागांचं बरं असतं.
पाचला लाइट आली, धोटा थांबला होता तिथूनच निघाला.
कापडावर एक आडवी रेघ राहते, एवढंच.
तपासणीच्या टेबलावर यल्लम्मा ती बोटानं शोधते,
डोळ्यांनी नाही,
आणि म्हणते, हितं थांबलंतं.

सव्वापाचला अय्याज आला. हेल्मेट डोक्यावरच.
"घाबरालाव कशाला, मॅडम?
मशीन दर दहा मिनिटाला गुपचूप एक कॉपी ठेवतंय.
तुम्ही नाही सांगितलं तरी.
आपण फक्त विचारायचं, कुठं ठेवलास."

एक दार, त्याच्या आत दुसरं,
गोदामामागं गोदाम निघावं तसं.
सहा वर्षांत मी तिकडं कधी फिरकले नव्हते.

दोन फाइली होत्या.
एक माझी. एकशे एकतिसाव्या ओळीपर्यंत शाबूत.
मी एकशे एकोणपन्नासावर होते.
आठ मिनिटांत अठरा माणसं गेली.
जाऊ देत, चिठ्ठ्या आहेत ड्रॉवरमध्ये.

दुसरी पत्राची.
तारीख माझ्या आधीची. तेव्हा या खुर्चीत
मल्लेशम गुंडेटी बसायचे, दोन बोटांनी टाइप करायचे म्हणतात,
आणि स्पेसबारवर अंगठा असा आपटायचे
की मालक केबिनमधून ओरडायचे.

"मा. शेठजी यांस, सविनय नमस्कार.
गेली एकोणीस वर्षे मी आपल्याकडे"
मग धाकटीचं ऑपरेशन, दवाखान्याचं नाव,
मग रक्कम, आकड्यात आणि अक्षरी,
शेवटी "फक्त" लिहिलेलं,
जन्माचा हिशेबनीस माणूस.
मग नवी ओळ.
"तरी"

पुढं काही नाही.
कर्सर लुकलुकत होता, कालच थांबल्यासारखा.

लाइट गेली असेल.
किंवा केबिनचं दार वाजलं असेल.
किंवा त्यांनीच फुलीवर नेला असेल बाण
आणि ठेवायचं का, असं विचारल्यावर
नको म्हणाले असतील.
मशीनला तिन्हींतला फरक कळत नाही.
ते आपलं ठेवून देतं.

"उडवू?" अय्याज म्हणाला.
थांब म्हटलं त्याला.
कपाटातून त्या सालचं उचलीचं रजिस्टर काढलं,
धुळीनं रेणुकाला तीन शिंका आल्या.
गुंडेटी म. रा.
फेब्रुवारी, निरंक. मार्च, निरंक.
एप्रिल, निरंक, त्यांच्याच अक्षरात, रकान्याच्या बरोबर मध्यावर.
मेपासून नावच नाही.

अय्याजनं शंभराची नोट खिशात घातली, गेला.

नाव काय द्यायचं, मशीननं विचारलं.
पत्राची पहिली ओळ स्वतःच सुचवली होती त्यानं,
मा. शेठजी यांस.
ती खोडली.
गुंडेटी, एवढं टाइप केलं.
त्या शब्दापुढं काहीतरी लिहावं असं वाटलं,
"तरी कृपया", "तरी विनंती", असं सगळे लिहितात ते.
हात ठेवला होता कीबोर्डवर.
मग तसाच काढला.

बाहेर माग धडधडत होते, खिडकीची काच बारीक थरथरत होती.
एकशे बत्तीस. चिट्याल नरसम्मा. उचल दोन हजार.
सेव्ह.
एकशे तेहतीस. बागवान मेहबूब. उचल नाही.
सेव्ह.
रेणुका हसली, म्हणाली, दर नावाला?
दर नावाला.
एकशे चौतीस.