खांद्यावरची चार घरं

फोटो लग्नातला, वीस माणसांचा घोळका.
त्यातून एकटी राजव्वा काढायची होती
चार बाय सहाच्या फ्लेक्सवर, वर्षश्राद्धासाठी.
अंबादास कुडक्याल स्टुलावर टेकत म्हणाला,
"खांद्यावरचा हात तेवढा उडवा, मॅडम.
थोरल्याचा आहे. आता कोर्टातच भेटतो."

जादूच्या कांडीनं असलं काम होत नाही.
एका क्लिकला ती अर्धा मांडव उचलते,
बाईच्या गालाला भिंत समजते.
म्हणून पेन टूल.
सहाशे टक्के झूम, सुरुवात कानशिलापासून.
एक बिंदू, दुसरा बिंदू,
दांडी ओढली की रेष वाकते,
जास्त ओढली की फुगते, मग मागे, पुन्हा.
वळणावर बिंदू कमीच ठेवायचे.
नवशिके भीतीनं जागोजागी ठोकतात
आणि माणूस करवतीनं कापल्यासारखा दिसतो.

मध्ये दोनदा लाइट गेली.
यूपीएस टुंटुं करत राहिला,
मी माउसवरचा हात हलवला नाही.

नायना हेच करायचे, कागदावर.
चादरीचा मोर आधी आलेखाच्या घरांत भरायचा,
एक घर लाल, तीन कोरी,
मग पंचिंगवाला पुठ्ठ्याला भोकं पाडणार
आणि माग ती वाचत जाणार, खडखडत.
एक घर चुकलं की मोराची मान मोडायची
दोनशे चादरींवर.
म्हणायचे, वाकडं असं काही नसतंच गं,
पायऱ्या बारीक असतात फक्त.

मग हात.
चार बोटं, तर्जनीच्या नखात चुना.
रेषा बंद केली तशा तुटक मुंग्या
बोटांभोवती गोल चालू लागल्या.
डिलीट.
खांद्याला बोटांएवढं भगदाड,
आत नुसत्या करड्या-पांढऱ्या चौकड्या.
दुसऱ्या खांद्यावरचा पदर आणून बुजवलं,
कडेला एक पिक्सेल मऊपणा दिला.
अंबादास बराच वेळ बघत बसला.
"जमलं," म्हणाला. दोनशे आगाऊ ठेवले.
दारातून परत आला:
"तिचा पुढचा दात दिसतोय. तो राहू द्या."

संध्याकाळी नायना डबा घेऊन आले.
एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, दुसऱ्याचं बाकी.
ओल्या फ्लेक्सला नाक लावून उभे राहिले.
"इथं चार घरं दबलीत.
काठ खाली ओढलाय, बघ.
कुणीतरी हात ठेवलाय हिच्यावर. जड हात."
"कुणी नाही, नायना."
"मग कापडाला कसं ठाऊक?"

हात अजून फाइलमध्ये आहे,
वेगळ्या लेयरवर, डोळा मिटलेला.
नाव द्यायचं राहिलं.

सकाळी चौकटीत ठोकलेली राजव्वा
अंबादास मोटारसायकलवर घेऊन गेला.
मागे त्याचा पोरगा, फ्लेक्स आडवा धरून.
चौकात वारा भरला, फडफडायला लागलं,
तेव्हा पोरानं हात पोचला तिथं धरलं.