हरळी

माझ्या बापानं उभा जन्म हरळी उपटली.
उसाच्या सरीतून, बांधावरून, नखांत माती घेऊन,
उन्हात वाळवून, ढीग करून, पेटवून.
एक कांडं राहिलं की पुढच्या साली रान तिचं.
म्हणायचा, वैरी परवडला, ही नको.

आणि मी
कात्यायनीच्या वाटेवरल्या या नऊ होलांच्या माळावर
पगार घेऊन हरळीच वाढवतो.

चैत्रात ग्रीनला दात्यांनी भोकं पाडली,
बोटाएवढी, चार बोटांवर एक.
मेंबर म्हणाले, अण्णाप्पा, याला काय देवी आल्या?
म्हटलं, पाऊल पडून पडून माती मुकी झालीय,
जरा दम घेऊ दे तिला.
मग भोकांत वाळू, वर कारखान्याची कुजवलेली मळी,
जिच्या वासानं दोन दिवस
तिसऱ्या होलकडं कुणी फिरकलं नाही.

वैशाखात बोअरला नुसती हवा.
एरवी टँकर आले असते.
यंदा सेक्रेटरी घोरपडे बाईंपुढं वही ठेवली:
एवढं पाणी, एवढी वीज, एवढा युरिया,
आणि कुंपणापलीकडच्या वसाहतीत नळ दिवसाआड.
बाई बराच वेळ त्या शेवटच्या ओळीवर होत्या.
म्हणाल्या, ग्रीन तेवढी जगव. बाकीचं?
बाकीचं झोपतंय, म्हटलं. पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे.
दीड महिना माळ गव्हाच्या काडासारखा पडून होता
आणि मी शिव्या खाल्ल्या,
कोल्हापुरी, खडा मसाला घातलेल्या.

त्याच दिवसांत पाचव्याच्या कडेला
टिटवीनं चार अंडी घातली, उघड्यावर, खड्यांत खडा होऊन.
तिथं मशीन फिरवलं नाही.
चुन्यानं गोल आखला. चेंडू आत गेला
तर उचलून बाहेर ठेवायचा, दंड नाही;
टिटवी डोक्यावर आली तर क्लब जबाबदार नाही.
हा नियम मी फळ्यावर लिहिला. कुणी पुसला नाही.

आषाढात राजाराम बंधारा बुडाला, त्या आठवड्यात
सातव्यावर गुडघाभर पाणी.
पण उन्हाळ्यात उताराला खणलेलं तळं भरलं,
गेल्या साली हेच पाणी ओढ्याला लागलं होतं.

श्रावणात बुरशी. रुपयाएवढे डाग,
पहाटे त्यांवर कोळ्यानं विणल्यासारखं धुरकट जाळं.
औषधाची बाटली कपाटात होती, किल्ली माझ्याच कमरेला.
आक्कूबाई आणि मी बांबूचे लांब फोक घेऊन
अंधारात दव झाडत राहिलो, वीस दिवस.
तिचा खांदा धरला, माझी पाठ.
दोन डाग गेले नाहीत ते नाहीतच.
ते अजून आहेत.

दिवाळी झाल्यावर बाप आला बघायला, पहिल्यांदाच.
ग्रीनच्या कडेला कुणी न सांगता
करकरत्या वहाणा काढून ठेवल्या.
बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा
गवतावरून तळवा फिरवला.
मी वाट बघत होतो, काहीतरी म्हणेल.
बोटांना कांडं लागलं.
बोटांनी विचारलं नाही कुणाला,
पीळ दिला, हिसका मारला, मुळासकट बाहेर.

मग हातात ते लोंबतं धरून
माझ्याकडं बघत राहिला,
शेजाऱ्याच्या शेतात बैल शिरल्यासारखा.

मला हसू आवरेना.
त्यानं ते भोकात परत खोचलं, अंगठ्यानं दाबलं,
वर चिमूटभर माती टाकली.
म्हणाला, घोर करू नगंस, द्वाड हाय ही.
एक कांडं ऱ्हायलं तरी हुतंय.

पौषातली नोंद:
नववा होल, उजवी कड, एक भोक.
बुजलं. पाणी घातलेलं नाही.