कागदी बर्फ

मार्च सरता सरता दोन ट्रक भरून नाताळ आला.
डोंगरावरचा खरा बर्फ तोवर वितळून गेलेला,
राजवाड्याच्या अंगणात घोटाभर चिखल.
त्यावर त्यांनी कागदाचा बर्फ फवारला,
नळीनं, कोबीवर औषध मारावं तसा.
बावीस वर्षं इथल्या चाव्या माझ्या कमरेला.
तो बर्फ मी जूनपर्यंत झाडत होते.
पन्हळीत अजून आहे थोडा.

सिनेमा लागला डिसेंबरात.
डोइनानं तिकडे बोलोन्यात तोच लावलेला,
ज्या म्हातारीला ती सांभाळते तिला शेजारी बसवून.
मी इकडे, फोन कानाला.
म्हटलं, सांगून ठेवते, पोरी,
ती केकवाली लाल कोट घालणार
आणि दहा मिनिटांच्या आत कुणावर तरी कॉफी सांडणार.
सांडली. राजपुत्रावर.
डाग पडला, आणि दार ओलांडेपर्यंत गेलाही.
तसले चार शर्ट होते त्याच्याकडे.
इस्त्री मी केलेली.

माझं मत विचारशील तर
या राज्यात भांडी कुणी घासत नाही.
भट्टीत लाकूड कोण सारतं, दिसत नाही.
राज्याचं नाव व्हाल्डोरिना, नकाशात शोधू नकोस;
झेंडा आमच्या वासिल्काच्या टेबलक्लॉथचा,
त्यावरचा हंस तिनं रात्रीत शिवला,
मान जरा वाकडी झाली, म्हणून
तो नेहमी वाऱ्यात फडकतानाच दाखवतात.
आणि पन्नाशीपुढच्या बाईला इथं कामं दोनच:
एक तर आधीच मेलेली आई,
नाहीतर शेवटी विरघळणारी राणी.
तिसरी बाई पाहिलीस कधी?
मी तरी नाही.

डोइना म्हणाली, आई, मग बघतेस कशाला?

आता काय सांगू.
दिवसभर हिची उशी, हिच्या गोळ्या, हिचं अंथरूण बदलून
तूही बघतेसच ना.
इथं कुणी खोटं बोललं तर पाऊण तासात उघडं पडतं,
माफी मागितली की माफी मिळते,
बाप रुसला तर जिना उतरून खाली येतो.
तुझा बाप तुरीनला गेला
तो अजून जिना उतरतोच आहे.

चुंबन शेवटून चौथ्या मिनिटाला, घड्याळ लावून घे.
त्या वेळी मी तिथंच होते,
पडद्यामागे, खिडकीची मोडकी खिट्टी धरून,
वाऱ्यानं मेणबत्त्या विझू नयेत म्हणून.
सात वेळा चुंबन झालं.
दर दोन चुंबनांमध्ये ती पोर नाक शिंकरायची,
सर्दी झालेली, तोही बिचारा तिला
आपल्या खिशातला रुमाल द्यायचा.
ते नाही घेतलं सिनेमात.
घ्यायला हवं होतं.

बघ, पडदा हलला ना जरासा? उजवीकडचा?
ती मी.

मग बाल्कनी, मग खाली प्रजा.
प्रजा म्हणजे आपल्या गावची अठरा माणसं,
दिवसाला शंभर लेई आणि एक वाडगा सूप
यावर राजनिष्ठ झालेली.
सगळी राजपुत्राकडे बघून हात हलवतात.
एकटा तुदोसे, तो घसरगाडीच्या घोड्याचा मालक,
टोपी काढून भलतीकडेच बघतोय,
वरच्या बाजूला, एका खिडकीकडे.
दिग्दर्शक ओरडला होता त्याच्यावर.
ऑगस्टात गेला तो. घोडा विकला पुतण्यानं.

डोइना गप्प. मग हळूच म्हणाली,
आई, कुठली गं खिडकी?

मी म्हटलं, आवाज वाढव, गाणं लागलंय शेवटचं.

तेवढ्यात म्हातारी जागी झाली तिकडे.
फोनमधून स्पष्ट ऐकू आलं मला,
सगळं बघितल्यासारखं विचारत होती,
काय गं, जेवली का ती दोघं?

नाही, म्हटलं, सांग तिला.
टेबलावरची बदकं प्लास्टरची होती.