नवा कर्नल, दौलतगंज

परवा परवा टर्मिनल उघडायला शिकलेली
इंगळ्यांची स्वरदा विचारते,
सर, मी माझा स्वतःचा कर्नल बनवू का?

कशाला, म्हणालो.
तयार मिळतो तो शहाण्या माणसांनी
शेकडो यंत्रांवर चालवून पाहिलेला असतो.
तुझा नऊ वर्षांचा सेकंडहँड लॅपटॉप
त्यानं केसभरही जोरात पळणार नाही.
हे खरंच आहे. आजही हेच सांगेन.

पण ग्वाल्हेरचा जानेवारी होता,
धुकं असं, की समोरचं किराण्याचं दुकान
शटरच्या आवाजावरून ओळखायचं,
आणि माझं बोलणं संपेतो
तिनं यादी उघडलीसुद्धा होती.

हे हवं? ते हवं? की मॉड्यूल करून बाजूला ठेवू?
हजारोंनी प्रश्न.
टेपवरून वाचायचं यंत्र. नको.
हौशी रेडिओवाल्यांचं जाळं. नको.
जॉयस्टिक. भावाला फोन करून, नको.
लग्नाच्या यादीतून माणसं गाळावीत
तशी ती गाळत गेली.
एक्स्ट-फोर? हे कोण?
ओळख नाही. नको.

मी पाहिलं, आणि बोललो नाही.
ते शिकवणं होतं की दुष्टपणा,
अजून ठरत नाही.

मग पंखा घुरघुरला, ओळी धावू लागल्या,
लॅपटॉपचं बूड तापलं.
चहावाला पोरगा कप ठेवून गेलाच नाही,
हात शेकत उभा राहिला.
मध्येच दिवे गेले, बॅटरी तर केव्हाच मेलेली.
दिवे आले, तिनं पुन्हा मेक म्हटलं,
आणि अर्धवट सोडलेल्या स्वेटरसारखं
ते त्याच टाक्यापासून पुढे निघालं.

साडेआठला रीबूट.
काळ्यावर पांढरी अक्षरं, भराभर,
आणि अचानक थांबून: पॅनिक.
रूट सापडत नाही.

रूट म्हणजे मूळच ना, सर?
मग हे आमच्याच घरातलं आहे.
कुणी मूळ गाव विचारलं की बाबा
साताऱ्याकडचं कुठलंसं, म्हणतात
आणि तिथंच हँग होतात.
हसली. मी नाही हसलो,
आमचंही कुठलंसंच आहे.

जुना कर्नल मेन्यूत खालच्या ओळीला
निमूट बसून होता. एंटर.
उठला बिचारा, काही न विचारता.

घरी जा आता, म्हणालो.
हो सर, म्हणाली, आणि यादी उघडून
त्या अनोळखी नावापाशी गेली.

पोरगा पुन्हा आला. बन गया?
मी शटर अर्धं ओढलं,
खुर्ची तापत्या बुडाजवळ सरकवली
आणि अजून एक कप सांगितला.