रताळ्याच्या वरंब्यातला

दसरा होऊन गेल्यावर, जांबोटीच्या वरच्या अंगाला,
वरंबे फोडताना ओमाणीच्या कुदळीपुढं जे निघालं
त्याला त्यानं आधी मूळ म्हटलं,
मग गांडूळ,
मग हात मागं घेतला.

वीतभर लांब. करंगळीएवढं जाड.
डोकं टोक काढलेल्या पेन्सिलीचं
आणि शेपूट कुणी विळीवर तिरकं कापून
वर खापराचा तुकडा बसवावा तसं.
खापरावर मातीचा पेंड,
बिळात शिरताना
पाठीमागून लावून घ्यायचं दार.

"दुतोंड्या हाय की गा," ओमाणी म्हणाला.
पलीकडच्या सरीतून निंगव्वा म्हणाली, "मण्णुमुक्क."
माती खाणारा.
माती तो खात नाही. गांडुळं खातो,
अंधारात, आमच्या रताळ्यांच्या शेजारी,
कुणाला न विचारता.
मी दूध संस्थेच्या जुन्या वहीत लिहिलं: खापरखवल्या.
लांबी बावीस सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीनं.
रंग,
आणि तिथं पेन थांबलं.

गेल्या साली गोठ्यामागं मिळाला तो काळा होता,
अंगभर हळदीचे शिंतोडे.
त्याच्या आदल्या साली, काजूच्या पाल्याखाली,
भाजक्या विटेचा, बरगडीला पिवळी किनार.
हा ओल्या सुपारीसारखा,
पण उन्हात धरला की
रॉकेल सांडलेल्या पाण्यागत
जांभळा, हिरवा,
सावलीत नेला की परत सुपारी.

दुपारी खानापुराकडनं एकजण मोटारसायकलवर आला.
शर्टाच्या खिशात दोन फोन.
मांडूळ गावलंय म्हणे. वजनावर भाव आहे,
जेवढं जड तेवढं वर.
ओमाणीनं रताळी जोखायच्या काट्यावर परात ठेवली,
परातीत हा.
काटा हलला नाही.
अर्ध्या किलोच्या खालचं तो काटा मोजतच नाही.
"चपलेचा पट्टा दावताय होय," असं म्हणून माणूस गेला,
जाताना दोन रताळी उचलून.

माझ्या बोटाला वेटोळं घालून
तो शेपटीचं खापर टोचत राहिला.
तेवढंच हत्यार.
चावायचं त्याला सुचलंच नाही,
किंवा सुचून त्यानं सोडून दिलं.

रात्री किटलीत ओली माती भरून ठेवला,
वर फडकं, फडक्यावर वरवंटा.
सकाळी किटलीत पाच होते.
टरफलं शोधली. नव्हती.
अंडी पोटातच उकलतात यांची,
हे मला वाचून ठाऊक होतं,
तरी मी माती दोनदा चाळली.
वहीत 'तो' खोडून 'ती' केलं.
दोन पिल्लं आईसारखी,
एकाच्या कानशिलाजवळ पिवळा डाग
(कान नसतो, पण दुसरा शब्द सापडला नाही),
चौथ्याचं काय ते ठरायचं होतं.

ओमाणीनं बांधाकडचा हातभर वरंबा फोडला नाही.
"राहू दे तेवढी रताळी," म्हणाला,
आणि निंगव्वाकडं बघितलं नाही.
मी किटली आडवी केली.
पिल्लं आधी गेली, पाणी मुरावं तशी.
मग ती, टोक खुपसून, घाई न करता.
शेवटी खापर उरलं, त्यावर कालचाच मातीचा पेंड,
आणि मग नुसता वरंबा.

"एल्लि होय्तु?" निंगव्वा धावत आली.
मी बोट दाखवलं.
पण त्या मातीत कुठं, ते मलाच सांगता येईना.
वहीत वजनाचा रकाना
अजून रिकामा आहे.